चार बोटं खाली

प्रिय ठमे,

दोन दिवसांत हे तिसरं पत्र. आधीची दोन फाडली. दर रविवारी तू फोनवर गोळ्या घेतेस का विचारतेस, मी हो म्हणते, तू बरं म्हणतेस आणि संपतं. हे मला फोनवर जमायचं नाही.

आपल्या होडीचं शीड पार विरलंय. आमच्या शिडांच्या कारखान्याचे मालक म्हणाले, जगाची शिडं शिवतेस आणि घरची होडी उघडी, उरलेलं कापड घेऊन जा. कापड तिथेच जमिनीवर पसरलं, खडू घेऊन बसले आणि अडले. मालकांनी विचारलं, शिडाचा खालचा आडवा दांडा डोलकाठीवर किती उंच धरायचा? त्यावर शिडाची लांबी ठरते. साधा प्रश्न. मी तीनदा धक्क्यावर जाऊन आले, तिन्ही वेळा टेप न उघडताच परतले. मालकांना सांगते, आकडा विसरले. बाईचं डोकं फिरलंय, असं त्यांना वाटत असणार.

डोलकाठीवर दोन खुणा आहेत, तुला ठाऊकच आहे. वरची लाल, बाबांच्या उंचीची. एवढा ताडमाड माणूस, पण होडी वळताना दांडा डोक्यावरून सपकन जायचा तेव्हा न बघता मान वाकवायचे, हवी तेवढीच. हातातला चहासुद्धा हिंदकळायचा नाही. वीस वर्षांत मानेला माप पाठ झालं होतं. खालची खूण तुझी, पेन्सिलीची. शर्यतीच्या दिवशी तू शीड टोकापर्यंत चढवून दांडा चार बोटं खाली ओढायचीस, म्हणजे शिडाची पुढची कड ताठ बसायची आणि होडी वाऱ्याच्या तोंडाशी जास्त जवळून जायची. तुझ्या डोक्यावरून तो तरीही आरामात जायचा. ठमीला होडीच्या मापानेच बनवलंय, असं बाबा सगळ्या धक्क्याला सांगत सुटायचे. शर्यत संपली की तू न चुकता दांडा लाल खुणेवर नेऊन ठेवायचीस. त्या एका दिवशी दांड्याची खीळ अडकली, तो वर सरकेना आणि तुझी गाडी सुटत होती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बाबा एकटेच होडी घेऊन गेले. शेजारच्या होडीवाल्याने पाहिलं. म्हणाला, ते नेहमीसारखेच वाकले, नेहमीएवढेच. इस्पितळातले तीन दिवस तुझ्यासमोरच गेले. नंतर भरल्या घरात काका म्हणाले की पोरीच्या शर्यतीच्या हौसेने माझा भाऊ नेला. तू काही बोलली नाहीस. तेव्हापासून घरी आली नाहीस. लोक म्हणतात, कोणत्या तोंडाने येईल. मी ऐकून घेते, भांडी आवरते, आवरलेली पुन्हा आवरते.

तू पहिलीत असताना तुझ्या वहीशेजारी बसून मी अक्षरं शिकले. त्यानंतर हातात पुस्तक आलं की मला घर दिसत नसे. बाबा त्यावरून चिडवायचे, तूही. त्या संध्याकाळी माझी शेवटची वीस पानं राहिली होती. तू दारात चपला घालत म्हणालीस, “आई, बाबांना सांग, दांडा चार बोटं खालीच राहिलाय.” मी मान वर न करता हं म्हटलं. सकाळी बाबा माझ्यासमोर बसून चहा प्यायले आणि मला आठवलं नाही. काका बोलत होते तेव्हा तू एकदाच माझ्याकडे पाहिलंस आणि मान खाली घातलीस. तू विसरली असशील, असं मी दोन वर्षं स्वतःला सांगत आले. तू विसरली नव्हतीस. तू मला झाकलंस. काल काकांच्या घरी जाऊन, काकूंसमोर, सगळं सांगून आले. काका म्हणाले, आधी पोरीला कळव, मग मी फोन करतो. ती वीस पानं अजून तशीच आहेत. कापड पसरलेलं आहे, खडूही तिथेच आहे, माप मी आखलेलं नाही. तू ये आणि सांग, लाल खूण की पेन्सिलीची. मी ऐकत असेन.

तुझीच,
आई