हनोईत नसलेला पुतळा

वारूळवाडी,
फेब्रुवारीचा पहिला आठवडा

प्रिय हौशीराम,

तू माझा फोन उचलत नाहीस, आणि उचललास तरी मी पहिल्याच वाक्याला आवाज चढवतो, म्हणून लिहितो आहे. काल तुझा मुलगा आदेश शिवजयंतीची कार्यक्रमपत्रिका देऊन गेला. मंडळाचा अध्यक्ष झाल्यापासून तो माझ्याशीही सूत्रसंचालन केल्यासारखा बोलतो. पत्रिकेत पहिलं नाव तुझं. 'व्हिएतनाममधील महाराजांच्या पुतळ्याचे प्रत्यक्ष दर्शन : अनुभवकथन.' त्याखाली मी, प्रमुख वक्ता. म्हणजे तुमच्या येडगावच्या चौकात, अख्ख्या गावासमोर, तू सांगणार की हनोई शहरात आपल्या राजाचा पुतळा उभा आहे, आणि लगेच माईक माझ्या हातात येणार. दर्शन नक्की कुणाला झालं, हौशा? मी तर तुझ्या शेजारीच होतो.

त्या देशाविषयी मी कॉलेजात असल्यापासून वाचत आलो. सायकलींवर तोफांचे सुटे भाग लादून डोंगर चढणारे शेतकरी, दलदलीत भात लावता लावता लढणारी माणसं. निवृत्तीनंतर एकदा तरी ती माती पाहायची हे माझं स्वप्न, आणि सोबतीला येतो म्हणालास तेव्हा मला आनंदच झाला होता. तुझं स्वप्न वेगळं आहे हे विमानात बसल्यावर कळलं. कुणीतरी कधीतरी मोबाइलवर पाठवलं की त्या लोकांनी गनिमी कावा आपल्याकडून उचलला, अमेरिकेला हरवलं आणि राजधानीत महाराजांचा पुतळा उभारला. कुणी, कधी, कुठं, काही नाही. ते तू इतकी वर्षं द्राक्षाच्या बागेत मजुरांना, लग्नात पाहुण्यांना, एसटीत शेजाऱ्याला सांगत आलास. आणि गावाला शब्द देऊन निघालास की फोटो घेऊनच येतो.

प्रवास स्वस्तातला, हे कबूल. आदेशनं शोधलेल्या तिकिटात सामानाला जागा नव्हती, म्हणून तू तीन सदरे एकावर एक घालून आलास आणि तपासणीवाल्यानं तुला तीनदा बाजूला घेतलं. राहायला एका बोळातली खोली, एकावर एक खाटा, बाकी सगळी विशी-पंचविशीतली गोरी पोरं. तू वरच्या खाटेवर बसून मासवडी काढलीस. घरमालकीण बिचारी वासानं आली, तर तिला नाव सांगितलंस आणि वर 'फिश' म्हणून अर्थही सांगितलास. तिनं हौसेनं तुकडा तोंडात टाकला आणि काटा शोधत बसली. मग तू तिला समजावू लागलास, "नो फिश. फिश म्हणायचं, पर फिश न्हाई. बेसन." ती तुझ्याकडे ज्या नजरेनं पाहत होती, त्याच नजरेनं मी तुझ्याकडे पुढचे सगळे दिवस पाहिलं.

रस्त्यांचं तर विचारूच नको. तिथं स्कूटरींचा लोंढा थांबत नाही; सावकाश, एका चालीनं पुढं जात राहायचं, ते आपल्याला वळसा घालून जातात, हे मी वाचून आलो होतो. तुला सांगितलंही. तू मात्र आळेफाट्यावर एसटी थांबवतात तसा हात वर करून मधोमध उभा राहिलास आणि ओरडलास, "आरं थांबा की राव, मास्तर येऊ द्या." माझ्या चाळीस वर्षांच्या व्याख्यानांत मला एवढा मान कुणी दिला नसेल, आणि एवढी लाजही कधी वाटली नसेल.

मग शोध. तळ्याकाठी एक राजा उभा होता. तू भोवती फिरून आलास आणि म्हणालास, "हा न्हाई. जिरेटोप कुठंय?" फुलं विकणारी, केस कापणारा, फो नावाचं शेवयांचं सूप विकणाऱ्या दोन बहिणी, पोलीस, ज्याला त्याला मोबाइलमधला महाराजांचा फोटो दाखवत सुटलास. प्रत्येकानं नम्रपणे मान हलवली, नाही म्हणून. मी म्हटलं, झालं का समाधान? तर तू म्हणालास, "मास्तर, हलवला आसंल. रस्ता रुंद करताना आपल्याकडं न्हाई का हलवत." मी आयुष्यभर वादविवाद केले, पण या वाक्यापुढे हरलो. संग्रहालय पाहायचं होतं मला. तू दारात बसून आत हाका मारत राहिलास, म्हणून तेही अर्धवट राहिलं.

शेवटच्या दिवशी कुणीतरी डोंग दा नावाच्या टेकाडाकडे बोट दाखवलं. सिटी बसनं गेलो. बागेत उंचावर एका राजाचा भला मोठा पुतळा. तू लांबूनच थबकलास. चप्पल काढलीस, वाकून मुजरा केलास आणि अशी गर्जना केलीस की हातपंखे घेऊन व्यायाम करणाऱ्या आज्यांचे पंखे हवेतच थांबले. मला वाटलं, आता पोलीस. पण एक आजी पुढे आली, आपला मोबाइल तुझ्या तोंडाशी धरला, म्हणजे त्यात बोललं की तो भाषांतर करणार. मी पाटी वाचली होती. तो त्यांचा राजा, क्वांग ट्रुंग. तिनं सांगितलं, चिनी फौज सणात दंग असताना या राजानं तिच्यावर अचानक झडप घातली आणि तिला देशाबाहेर हाकललं. तू ऐकत राहिलास, मधेच म्हणालास, "म्हंजे आपल्यासारखंच की." मग तू तिला आपल्या राजाची गोष्ट सांगितलीस. लाल महाल, बोटं, सगळं. मोबाइलनं त्याचं काय केलं कुणास ठाऊक, पण आज्या हसल्या आणि तिनं तुझा हात दोन्ही हातांत धरला. खरं सांगतो, माझा सगळा संताप त्या घटकेपुरता उतरला होता. असं अनुभवकथन मी जन्मात ऐकलं नव्हतं.

परतीच्या बसमध्ये तू खिडकीकडे तोंड करून विचारलंस, "मास्तर, गावात काय सांगू?" मी म्हणालो, जे पाहिलंस ते. तू खिडकीची काच पुसू लागलास. मला वाटलं, पटलं.

आणि आता आदेशनं कंप्युटरवर बनवलेला हा फोटो पाठवला आहे, फ्लेक्सवर छापायला. मागे तळं, मधे घोड्यावर महाराज, एका बाजूला तू, दुसऱ्या बाजूला माकडटोपी घातलेला मी, हात जोडून. कंप्युटरनं घोड्याला पाच पाय दिले आहेत. मी विचारलं, तर म्हणतो, "काका, फीलिंग बघा ना." ज्या माणसानं काट्याखड्यांतून डोंगर चढून एकेक किल्ला उभा केला, त्याला तुम्ही पाच पायांच्या घोड्यावर बसवता आणि वर फीलिंग बघा म्हणता. अरे, महाराजांचं मोठेपण हनोईच्या दाखल्यावर अडलं आहे का? परक्यांनी पुतळा उभारला तरच आपला राजा मोठा, हे मनातलं दारिद्र्य आहे, भक्ती नव्हे. मी हे चौकात सांगू शकतो. गेल्या वर्षी सरपंचानं गडावरच्या लढाईचं भलतंच वर्णन केलं, मी त्याच्यानंतर उठलो आणि पुराव्यानिशी एकेक वाक्य खोडलं. लोकांनी टाळ्या वाजवल्या. तो अजून माझ्याशी बोलत नाही, आणि मला त्याचं काही वाटत नाही. तू फोन उचलत नाहीस, ते याच भीतीनं, हे मला कळतं. गावासमोर दिलेला शब्द मागे घेणं अवघड असतं, हेही कळतं. पण सरपंच वेगळा आणि तू वेगळा.

म्हणून हे पत्र. आज सकाळी आदेशला फोन करून क्रम बदलायला लावला. मी आधी बोलणार, तू शेवटी. तो कुरकुरला, "काका, प्रमुख वक्ता आधी कसा? बरं दिसत न्हाय." मी म्हटलं, नाही दिसलं तर नाही. फ्लेक्सवरच्या फोटोतून मला तेवढं काढून टाकायला सांगितलं आहे, बाकीचं तुम्ही बापलेक बघा. मी व्हिएतनामचं नाव घेणार नाही, पुतळ्याचं घेणार नाही, बोलेन आणि स्टेजवरून उतरून खाली सतरंजीवर, लोकांत बसेन. मग तू उठशील. डोंग दाच्या राजाची गोष्ट सांग, नाहीतर पाच पायांच्या घोड्याची सांग. तुझ्यानंतर माईक कुणाकडेच जाणार नाही. शेवटचा शब्द सोडायची मला सवय नाही, हे तुझ्याइतकं कुणालाच माहीत नाही. तो या वेळी तुझा.

तुझाच, आणि अजून तितकाच चिडलेला,
भगवंत