राँग साइडची मुलगी

इंदूर,
१० ऑगस्ट २०२५

चि. सौ. सरोजिनीस दादाचे अनेक आशीर्वाद. वि. वि.

फोनवर तू ‘हो ना, हो ना’ करत मला उडवून लावतेस, म्हणून कागद घेतला. बँकेतून रिटायर झाल्यापासून मला फुरसत आहे, आणि देवासला तुला तरी कोणता कारभार आहे!

मेट्रोत बसून आलो. गाडी चकाचक, फक्त कुणाला जायचं नसतं तिथे जाते. राजवाड्यावर ई-रिक्शांनी कहर केलाय. माझं मत विचारशील तर सगळ्या उचलून नदीत टाकाव्यात. झाडू मारून शहर स्वच्छ होतं, माणसं नाही होत. म्हणून मी संध्याकाळी कृष्णपुऱ्याच्या पुलावर मोबाइल घेऊन उभा राहतो. परवा एक पोरगी स्कूटीवर, तोंडाला दुपट्टा, कानाला फोन, राँग साइडने सुसाट! सगळं शूट केलं आणि खाली लिहिलं, ‘आईबापांनी हेच शिकवलं का?’ लाखो लोकांनी पाहिलं. एका इंदुरी भियाने, म्हणजे कुणा भाऊने, तर लिहिलं की हिला चौकात उभी करून चपला माराव्यात. भाषा जरा कडक, पण भावना शुद्ध.

तुझी वहिनी नेमकी तेव्हाच फोन करत होती. फोन आला की रेकॉर्डिंग बंद पडतं, म्हणून तिचे सगळे फोन कट केले. घरी पोचलो तर कुलूप. बाईसाहेब मोरीत घसरून पडल्या होत्या, डोक्याला खोक. तुझ्या ऋजुताने दवाखान्यात नेलं. चांगलं केलं, पण पोरीने यायला उशीर केला. तिला जरा वेळेची किंमत शिकव.

लोभ आहेच, तो पत्राने वाढव.
तुझा दादा, चिंतामण

देवास,
२१ ऑगस्ट २०२५

ती. दादास सरोजिनीचा शि. सा. नमस्कार.

वहिनींचे टाके निघाले का? त्यांना जपा.

ऋजुता परवा सामान घेऊन घरी आली. सांवेर रोडच्या कारखान्यातली नोकरी गेली. तुमच्या व्हिडिओत गाडीचा नंबर दिसतो आणि गळ्यातल्या आयकार्डाची, कारखान्याचं नाव असलेली पट्टीही. लोकांनी कारखान्याच्या पेजवर शिव्या घातल्या. मालक म्हणाले की बेटा, गलती तुझी असो-नसो, धंदा माझा आहे. तिच्या फोनवर नको नको ते फोटो येतात. ती जेवत नाही, फक्त झोपून असते.

हो दादा, ती ऋजुताच. फोनवर वहिनी होत्या. रक्त थांबत नाही म्हणून रडत होत्या. पोरीने फोन ठेवला नाही, कारण ठेवला तर मामी बेशुद्ध होईल अशी तिला भीती वाटली. पुलावर जाम होता, म्हणून ती उलट्या बाजूने घुसली. तिने तुम्हाला पाहिलं, हात केला. तुम्ही मोबाइल आणखी जवळ आणलात.

तुमच्यावर राग काढायला मी लिहीत नाही. तो व्हिडिओ तेवढा काढून टाका. पाया पडते.

माया असू द्यावी.
सरोजिनी

इंदूर,
२९ ऑगस्ट २०२५

चि. सौ. सरोजिनीस आशीर्वाद.

पत्र वाचून वाईट वाटलं. ऋजुता माझ्या मांडीवर खेळलेली पोर. पण नीट विचार कर. कायद्याने नातं पाहायला सुरुवात केली तर शहर चालेल कसं? यामिनीला चार टाके पडले, ते आणखी दहा मिनिटांनी पडले असते. काय बिघडलं असतं?

व्हिडिओ काढता येणार नाही. आमच्या कॉलनीचं नागरिक मंडळ त्यावरूनच माझा सत्कार करतंय. उलट ऋजुताने कॅमेऱ्यासमोर एक छोटीशी माफी मागावी. मी स्वतः शूट करतो. लोकांचं मन मोठं असतं, नोकरीही परत मिळेल. घरच्या पोरीने आदर्श ठेवला तर बाकीच्यांना तोंड राहणार नाही.

पाऊस बरा आहे. जावईबापूंना नमस्कार. मनात किंतु न ठेवता लिहीत जा.
तुझा दादा

इंदूर,
१५ सप्टेंबर २०२५

सौ. वन्संना यामिनीचा नमस्कार.

तुमचं पत्र ह्यांनी मला दाखवलं नव्हतं. रद्दीत सापडलं. तोवर मला वाटत होतं, ऋजुता नोकरीच्या गडबडीत असेल म्हणून येत नाही.

काल सत्कार झाला. शाल, नारळ, फोटो. मला पहिल्या रांगेत बसवलं. सूत्रसंचालकाने विचारलं की भाभीजी, अशा कर्तव्यकठोर माणसाबरोबर राहणं कसं वाटतं. वन्सं, मी कधी माइक हातात धरलेला नाही. काल धरला. सांगितलं की ती मुलगी ह्यांची सख्खी भाची आहे आणि ती माझा जीव वाचवायला येत होती. ह्यांनी माझा फोन कापला होता, तिने उचलला होता. बोलता बोलता मला रडू फुटलं.

मला वाटलं, आता कुणीतरी उठेल आणि ह्यांना जाब विचारेल.

सूत्रसंचालकाने माझ्या हातातून माइक अलगद काढून घेतला. म्हणाला की बघा, ह्या माणसाने सख्ख्या भाचीलाही सोडलं नाही! सगळे उभे राहिले. एवढ्या टाळ्या शाल घालतानाही पडल्या नव्हत्या.

त्याचाही व्हिडिओ निघालाय. पुढच्या रविवारी दुसऱ्या एका कॉलनीत बोलावणं आहे. ह्यांनी सांगितलंय की मी तेच पुन्हा सांगायचं, आणि रडू आलं तर आवरायचं नाही.

ऋजुताला माझा आशीर्वाद द्या, घेतला तर.
तुमची यामिनी