एकोणतीस चुका आणि दोन किंकाळ्या

प्रिय भोंग्या,

'प्रिय' हे सवयीनं लिहिलंय, त्यावर फुगून बसू नकोस. चोवीस वर्षांत ना मी तुला एक ओळ लिहिली, ना तू मला, त्यामुळे आपल्यात मायना काय घालायचा हे ठरलेलंच नाही. पत्ता तुझ्या धाकट्या बहिणीकडून मिळवला. द्यायच्या आधी तिनं मला पाच मिनिटं दारात उभं ठेवलं आणि विचारलं, "आता आणखी काय हवंय त्याच्याकडून?" तू लोकांना मोटार चालवायला शिकवतोस हेही तिच्याकडूनच कळलं. मला हसू आवरेना. ज्या माणसाला आयुष्यात एकदाही स्वतःच्या पायांनी वेळेवर कुठे पोचता आलं नाही, त्याच्या भरवशावर लोक रस्त्यावर उतरतात म्हणजे कमाल आहे.

मुद्द्यावर येतो. आपल्या बँडच्या जुन्या कार्यक्रमांची ध्वनिमुद्रणं एक कंपनी नव्यानं काढतेय. सोबतच्या पुस्तिकेसाठी त्यांनी माझ्याकडे लेख मागितला. विषय काय, तर 'आमच्या गायकाचे दुर्लक्षित गुण'. मी गोदामात होतो (फरशांच्या गोदामात काम करतो मी, एकोणीस वर्षं झाली), एका हातात फोन, दुसऱ्या हातात चहा. विषय ऐकला आणि चहा नाकातून बाहेर आला. तुझ्यात गुण, आणि तेही दुर्लक्षित! अरे, तुझ्याकडे दुर्लक्ष करायची सोय तरी तू कुणाला ठेवली होतीस का? ती कातडी विजार घालून तुला धड बसताही यायचं नाही, म्हणून गाडीत मागे आमच्या सामानावर आडवा पडून यायचास. त्या केसांपायी सगळ्यांच्या आंघोळीचं गरम पाणी संपायचं. आणि ती तुझी अकरा सेकंदांची किंकाळी, जिच्यावरून तुला भोंगा हे नाव पडलं! लोक तिला टाळ्या द्यायचे. शेपटीवर पाय पडला तर कुत्रंही तेवढंच ओरडतं, पण त्याच्याकडे कुणी सही मागायला जात नाही.

लेख मी एका बैठकीत लिहिला. तीन पानं झाली, आणि हात आखडता घेतला म्हणून तीनच. बायकोला वाचायला दिला. तिनं शेवटपर्यंत वाचला, चष्मा काढला आणि म्हणाली, "एवढं तोंडसुख घ्यायला माणूस फार जवळचा असावा लागतो. भावजींना एकदा फोन तरी करा." मी म्हटलं, तुला त्यातलं काही कळत नाही. तिनं पानं परत दिली आणि स्वयंपाकघरात निघून गेली.

त्या लेखात मी तुझे गुण क्रमवार मांडले होते. पहिला, विसराळूपणा. भर कार्यक्रमात दुसरं कडवं विसरून तू लोकांना तुझ्या आत्याच्या गुडघ्याची हकिकत सात मिनिटं ऐकवली होतीस. दुसरा, धडपड. मायक्रोफोनची वायर पायात अडकून तू पुढच्या रांगेतल्या एका दंतवैद्याच्या मांडीवर पडलास आणि तिथूनच गाणं चालू ठेवलंस. तिसरा गुण म्हणजे लहर. ठरलेलं धडाक्याचं गाणं मध्येच सोडून तू एकदम संथ गाणं धरायचास आणि आम्ही तिघं तुझ्यामागे धावत सुटायचो. चौथा, अडाणीपणा. एका गावात उभं राहून तू भलत्याच गावाचं नाव घेतलंस आणि शिट्ट्यांचा पाऊस झेललास. वर्तमानपत्रवाल्यांनी लिहिलं, या गायकाला पाजल्याशिवाय उभं करता येत नाही. मला माहीत होतं की तू थेंबाला शिवत नाहीस. मी तेव्हा कुणाला ते सांगितलं नाही. मला वाटायचं, न पिता असा वागतो म्हणजे तर आणखीच वाईट.

आणि मग ते मैदान. दुपारचा कार्यक्रम, रणरणतं ऊन, पाच हजार माणसं, आणि पहिल्या रांगेत मोठ्या कंपनीचा माणूस, खास आपल्याला ऐकायला आलेला. काकूंनी, म्हणजे तुझ्या आईनं, आपल्याला आठ वर्षं गॅरेज वापरू दिलं, कानात कापूस घालून शेजारच्या खोलीत शिवणकाम केलं, ते याच दिवसासाठी असं आम्ही धरून चाललो होतो. तिसरं गाणं ऐन भरात आलं आणि तू थांबलास. उजव्या पायातला बूट काढून लोकांत भिरकावलास आणि जाहीर केलंस की बूट परत आल्याशिवाय आपण गाणार नाही. सहा मिनिटं पाच हजार माणसं एक बूट शोधत होती. हसत होती, मान्य. पण कंपनीचा माणूस उठून गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी उस्तादाच्या स्वयंपाकघरात आपण बसलो. उस्ताद ही पदवी आपल्या गिटारवाल्यानं स्वतःच स्वतःला दिली होती. आरशासमोर सराव करणाऱ्या माणसाला दुसरं कोण देणार! बास वाजवणारा मुका नेहमीसारखा खिडकीबाहेर बघत होता, आणि ड्रमवाला मी, तुमचा ठोकळा, टेबलाशी. उस्ताद म्हणाला, "हा नको असं ज्यांना वाटतं त्यांनी हात वर करा." सगळ्यात आधी माझा हात वर गेला. वर मी बोललोही, "तू गायक नाहीस, सर्कस आहेस. तुझ्या चुकांपायी आम्ही सगळे बुडणार." तू माझ्या तोंडाकडे बघितलं नाहीस. वर गेलेल्या हाताकडेही नाही. माझा दुसरा हात टेबलाखाली होता, तिकडे बघितलंस. मग म्हणालास, "बरं." एवढंच. दारापाशी जाऊन वळलास आणि म्हणालास, "नवीन कोणी येईल त्याला एक सांगा. ठोकळ्याकडे पाठ करून उभं राहू नको म्हणावं." उस्ताद खो खो हसला. मीही हसलो. म्हटलं, सुंभ जळला तरी पीळ जात नाही.

तो टेबलाखालचा हात. बायकोलाही मी हे कालपर्यंत सांगितलं नव्हतं. तुला काढलं त्याच्या दोन वर्षं आधीपासून माझ्या डाव्या हाताला मुंग्या यायच्या. करंगळी आणि शेजारचं बोट वाजवता वाजवता मरून जायचं आणि काठी आपोआप सैल व्हायची. डॉक्टर म्हणाले, कोपरात नस दबली आहे, ऑपरेशन करा, सहा महिने ड्रमला हात लावू नका. सहा महिन्यांत तुम्ही लोकांनी दुसरा ठोकळा शोधला असता. म्हणून मी काठी चिकटपट्टीनं तळव्याला बांधायला लागलो आणि गप्प बसलो. एखादा ठोका निसटायचा, एखादा मागे पडायचा. पण नेमका तेव्हाच तू काहीतरी माकडचाळा करायचास आणि सगळ्यांचं लक्ष तुझ्याकडे जायचं. मी मनात म्हणायचो, नशीब बलवत्तर, या गाढवामुळे माझं झाकलं जातंय.

नवा गायक आला. रीतसर शिकलेला, एक शब्द न विसरणारा, वायरीत न अडकणारा. आमच्याकडे पाठ करून लोकांसमोर ताठ उभा राहायचा. चौथ्या कार्यक्रमात माझा डावा हात सुटला, तो तसाच पुढे गात गेला आणि गाणं मधोमध फाटलं. त्यानं मागे वळून, माइक तोंडाशी असताना विचारलं, "ड्रमवाल्याचं काय चाललंय?" सगळ्या सभागृहानं माझ्याकडे बघितलं. महिनाभरात बँड मोडला. मी जो भेटेल त्याला सांगत सुटलो की नवा माणूस कोरडा होता आणि जुना मूर्ख. पुढच्या वर्षी ऑपरेशन केलं, पण उशीर झाला होता. ड्रम विकून टाकले.

आता गेल्या आठवड्यातलं. ध्वनिमुद्रण दुरुस्त करणाऱ्या बाईंनी मला स्टुडिओत बोलावलं. पन्नाशीच्या असतील, चष्मा डोक्यावर, कामाचं तेवढंच बोलणाऱ्या. म्हणाल्या, "लेख वाचला तुमचा. छापण्याआधी एकदा हे ऐका." त्या काळी आपल्या प्रत्येकाचा आवाज वेगवेगळा नोंदला जायचा हे मी विसरूनच गेलो होतो. त्यांनी तुम्हा तिघांना बंद केलं आणि नुसते माझे ड्रम लावले. जन्मात पहिल्यांदा मी स्वतःला एकटं ऐकलं. भोंग्या, मला वाटत होतं एखादा ठोका निसटतोय. डावा हात दारू प्यायल्यासारखा चालला होता. मग त्यांनी माझे ड्रम आणि तुझा आवाज असे दोनच लावले, आणि त्यांनी केलेली टिपणं माझ्यापुढे ठेवली. शेवटच्या दोन वर्षांच्या कार्यक्रमांत एकतीस ठिकाणी माझा हात सुटला होता. त्यातल्या एकोणतीस ठिकाणी, दोन-तीन सेकंदांच्या आत, तू काहीतरी चूक केली होतीस. आत्याचा गुडघा, दंतवैद्याची मांडी, संथ गाणं, भलतं गाव, बूट. उरलेल्या दोन ठिकाणी तू किंकाळी फोडली होतीस.

बाई म्हणाल्या, "आणखी एक." सात मिनिटांच्या त्या गुडघ्याच्या हकिकतीनंतर तू टाच आपटून गाणं पुन्हा उचललंस, ते थांबलं होतं नेमक्या त्याच वेगात. त्यांनी यंत्रानं मोजलंय. एका केसाचाही फरक नाही. आमच्यात ठेका धरायचं काम माझं होतं रे. आणि घड्याळ तुझ्या पोटात होतं.

मग त्यांनी तुझा आवाज वाढवला. मैदानावरचा. लोक बूट शोधताहेत, आरडाओरडा चाललाय, आणि तू माइकपासून तोंड फिरवून, माझ्या दिशेनं, हळू म्हणतोयस, "दम घे, ठोकळ्या. घाई नाही." मला ते ऐकू येणं शक्यच नव्हतं, हे तुला ठाऊक होतं. मग कुणाला सांगत होतास, गाढवा? बाई उठल्या आणि कॉफी आणायला गेल्या. बऱ्याच वेळानं परत आल्या. त्यांचे उपकार आहेत.

आता तू अपेक्षा करशील की मी तुझे पाय धरीन. मुळीच नाही. मला तुझा राग आला, आणि अजून गेलेला नाही. दोन वर्षं तुला माहीत होतं आणि तू एका शब्दानं बोलला नाहीस. एकदा कॉलर धरून दवाखान्यात नेलं असतंस तर आज ही करंगळी जिवंत असती. सकाळी शर्टाचं बटण लावताना रोज मला तुझी आठवण येईल आता, आणि ती चांगली नसेल. स्वतःला विदूषक करून घेणं तुला सोपं वाटलं, मित्राला खरं सांगणं जड गेलं. याला मी थोरपणा म्हणत नाही. बायकोला हे सगळं काल सांगितलं. ती म्हणाली, "आणि त्यांनी सांगितलं असतं तर तुम्ही ऐकलं असतंत?" काठी फेकून मारली असती मी तुला. डाव्या नाही, उजव्या हातानं. हात वर करण्याइतकी त्यात ताकद होतीच.

तर हे पत्र का लिहितोय ते सांगतो. उस्तादानं कंपनीला सुचवलंय की माझे सगळे ठोके संगणकावर सरळ करावेत आणि तुझे सगळे चाळे कापून टाकावेत, म्हणजे आपण चौघंही सभ्य दिसू. त्यासाठी माझी सही लागते आणि तुझी लागते. माझ्याकडे तो स्वतः कागद घेऊन आला होता. मी दिली नाही, आणि टिपणं त्याच्यापुढे ठेवली. वाचून तो एवढंच म्हणाला, "मग काय झालं?" अजून तसाच आहे मेला. तुझ्याकडेही कागद येईल. भोंगा काय, समोर ठेवाल त्या कागदावर सही करतो, असं त्यानं त्यांना आधीच सांगून ठेवलंय, आणि ते खरं आहे म्हणून मी टपालाची घाई केली. सही करू नकोस. माझे ठोके जसे आहेत तसे लोकांना ऐकू देत. तीन पानांचा लेख मी फाडला आणि एका पानाचा नवा लिहिला, तो सोबत आहे. त्यात हात आहे, टिपणं आहेत आणि उस्तादाच्या स्वयंपाकघरात पहिला हात कुणाचा वर गेला तेही आहे. पण ही गोष्ट चोवीस वर्षं तू सांभाळलीस, तेव्हा तुला न विचारता मी ती छापणार नाही. छाप म्हणालास तर छापीन, नको म्हणालास तर पुस्तिकेत कोरं पान सोडायला सांगीन. शिव्या घातल्यास तर त्या वाचीन, कारण तेवढं माझ्याकडे निघतंच. फक्त 'जाऊ दे रे' असं लिहू नकोस. तू तेच लिहिणार हे मला पक्कं माहीत आहे, म्हणून आधीच सांगतोय. या एका वेळी माझी चूक माझ्याकडेच राहू दे.

तुझाच, आणि हे लिहिताना दात-ओठ खाल्लेला,
ठोकळा