आम्मियाचा दगड

इंजिरली,
१२ ऑक्टोबर

प्रिय रसिमदादा,

सलाम. वहिनीची कंबर आता बरी असेल. फोन केला की कारखान्यात तुला ऐकू येत नाही आणि घरी वेळ नसतो, म्हणून पत्रच लिहिते. जर्मनीत टपाल तरी पोचत असेल.

इकडे अंजिरं वाळवून झाली. माल बरा आहे, पण वाकून वाकून माझे गुडघे कामातून गेले. त्यामुळे यंदा ईदच्या आधी आईच्या कबरीवरच्या दगडाला चुना लावायचा राहिला. शेतात निघालेले जुने कोरीव दगडच आपण कबरीला लावतो आणि कबरीवर चित्र नको म्हणून चित्राची बाजू चुन्यानं लिंपतो. आईचाही गोठ्याच्या भिंतीतलाच. परवाच्या पावसात जुना चुना गळून पडला आणि खालून एक बाई निघाली. डोक्यावर पदर, हातात सूत कातायची चाती.

शेजारच्या हाजेरकाकूनं गावभर केलं. "अगं सानिये, तुझी आई इतकी वर्षं भलत्याच बाईच्या दगडाखाली झोपलीय की!" मला हसू आलं. बऱ्याच दिवसांनी आलं.

मग गावाजवळ उत्खनन चाललंय, तिथल्या नेव्हिनबाई आल्या. रोमनांच्या राज्यातला दगड, अक्षरं ग्रीक, म्हणाल्या. मी म्हटलं, "वाचा तरी." त्यांनी बोट फिरवत वाचलं : गाइयोस सैन्यातून घरी आला आणि आई आम्मियाच्या आठवणीसाठी त्यानं हा दगड उभा केला.

मी दगड दोन्ही हातांनी धरून ठेवला. त्यांना वाटलं, दगड संग्रहालयात जाणार म्हणून. "ताई, संग्रहालय नवा देईल. संगमरवरी, नाव कोरून."

दादा, शेवटी शेवटी फाटक वाजलं की आई मान वळवायची. तू मातीलाही आला नाहीस. रजा मिळाली नाही म्हणालास, मीही लोकांना तेच सांगत आले. आता कंटाळले रे सांगून. त्या गाइयोसला चालत यायला किती महिने लागले असतील, कोण जाणे.

काल दगड नेला. नवा मी नको म्हटलं. आईच्या उशाशी आता नुसती माती आहे. काकू म्हणते, "पोरी, लोक नावं ठेवतील." ठेवू देत. पहिला दगड मी एकटीनं लावला, तू नव्हतास. दुसरा मी लावणार नाही. तू आलास तर तू लाव, नाही आलास तर ती जागा तशीच राहील.

अजूनही तुझी बहीण,
सानिये