चुलीला बोल

२ फेब्रुवारी, रविवार

दुपारी धरणाकाठी पुण्याच्या गाड्यांची रांग. बाहेर बसायला जागा नव्हती, तरी माझे कान स्वयंपाकघरातच. फुलाबाई भाकऱ्या थापताना एकटीच बोलते. सहा वर्षं माझ्या खानावळीत आहे, सवय जात नाही. आज म्हणाली —

तू पलीकडनं निघालास की
पानी मला आदी सांगतं.
भाकर करपती,
मी चुलीला बोल लावती.

लगेच बिलबुकाच्या पाठीवर उतरवून घेतलं, रात्री कवितांच्या वहीत. एसटी स्टँडवर कपबशा विसळत होतो तिथून इथवर आलो ते ऐकूनच — कुठल्या टेबलाला घाई आहे, कोण घरून भांडून आलंय. माझ्या कविताही अशाच कानावाटे येतात.

बिचारी. नवरा जाऊन दहा वर्षं झाली, अजून त्याच्याशीच बोलते.

११ फेब्रुवारी

वाचनालयाच्या शैलेश सरांना वही दाखवली. माझ्या चार कविता भराभर उलटल्या. फुलाबाईच्या ओळींवर थांबले, चष्मा काढला. "शेठ, ही तुमची? सत्तावीस तारखेच्या कविसंमेलनात हीच वाचा."

मी हो म्हणालो.

१२ फेब्रुवारी

हो कशाला म्हणालो?

१९ फेब्रुवारी

आज सांगून टाकलं. फुलाबाई परात घासत होती. ओळी वाचून दाखवल्या. म्हटलं, "तुमचं नाव घेऊनच वाचतो."

तिचा हात थांबला. "नाव नगं."

"अवो, तुमचंच बोलणं हाय. नवऱ्याची आठवण काढली, त्यात लाज कसली?"

"त्यांच्यासाठी न्हाई ते."

नळ तसाच वाहत होता. मग म्हणाली, "पोरगा उरवड्याला कंपनीत जातो. घरात सून हाय. माझं नाव आलं तर तोंड कुटं लपवू? तुमीच वाचा. तुमच्या नावानं."

कोण, ते मी विचारलं नाही. पण बाईचं मन मोठं. माझी पंचाईत होऊ नये म्हणून स्वतःच्या ओळी मला देऊन मोकळी झाली.

२७ फेब्रुवारी, गुरुवार

संमेलन झालं. ती कविता वाचली नाही. दुसऱ्याच्या ओळींवर टाळ्या घ्यायच्या नाहीत आणि तिचं गुपितही चव्हाट्यावर न्यायचं नाही — दोन्ही साधलं. माझी धुक्यावरची वाचली. टाळ्या बेताच्याच. शैलेश सर नाराज. असू दे, झोप तरी लागेल.

गंमत म्हणजे शेवटच्या बाकावर दामू. धरणाच्या पलीकडून रोज सकाळी होडीनं मासे आणून देतो, तोच. इस्त्रीचा सदरा, केस तेल लावून चापलेले. म्हटलं, चहासाठी आला असेल. पण माझी कविता संपली तसा चहाच्या आधीच उठून गेला.

२८ फेब्रुवारी

सकाळपासून स्वयंपाकघर मुकं. नुसता थापण्याचा आवाज. अकरा वाजता फुलाबाई पाठमोरीच म्हणाली, "वाचली न्हाई व्हय?"

"तुमच्यासाठीच न्हाई वाचली, फुलाबाई."

"मी एकाला ऐकायला बसवलं हुतं."

एवढंच. पुढची भाकरी परातीत घेतली.

मी तिथंच उभा. इस्त्रीचा सदरा डोळ्यांपुढे आला. पलीकडनं! सहा वर्षं तो रोज सकाळी मागच्या दारी टोपली उतरवतो, आणि कुणाला मीठ हवंय ते मान न वळवता ओळखणारा मी — काही ऐकलं नाही. तिला स्वतःच्या तोंडानं सांगता येत नव्हतं. माझं तोंड उसनं मागत होती. मी चांगुलपणा करून बसलो.

१ मार्च

दामू मागच्या दारी मासे तोलत होता. मी वही काढली. "थांब, माझी एक कविता ऐक. परवा राहून गेली."

चारही ओळी वाचल्या, आत ऐकू जातील अशा. तो तराजूकडे बघत राहिला. पारडी केव्हाच थांबली होती.

आतून भाकरी करपल्याचा वास आला.