घरी स्वयंपाक कोण करतं?

बाबा,

परवा डॉक्टरांनी माझे रिपोर्ट बघितले आणि पहिलाच प्रश्न विचारला, "घरी स्वयंपाक कोण करतं?" रक्तदाब वाढलाय, बाहेरचं आणि पाकिटातलं खाणं बंद करा, एवढंच त्यांना सांगायचं होतं. मी रिपोर्टचे कागद जुळवत राहिले तसे ते चष्म्यावरून माझ्याकडे बघायला लागले. आमच्याकडे स्वयंपाक असा कुणी करत नाही, बाबा. मुलं आपापल्या घरी गेली, आम्ही दोघंच उरलो. फ्रीजमध्ये तयार पोळ्यांची पाकिटं असतात, गरम पाणी ओतलं की होणारं सूप असतं, आणि बाकीचं फोनवरून येतं. हे त्यांना सांगायला मला लाज वाटली नसती. पण हाच प्रश्न मी शाळेत असताना एकदा विचारला गेला होता, आणि तेव्हा मी पटकन उत्तर दिलं होतं. ते तोंडाशी आलं आणि पुढे बोलवेना.

गिरणीचा संप सुरू झाला तेव्हा तुम्ही पहिले काही महिने रोज आंघोळ करून, इस्त्रीचा शर्ट घालून गेटवर जात होता. मग सभांना. मग नुसतेच लालबागच्या नाक्यापर्यंत. काका बायकामुलांना घेऊन गावी निघून गेले. तुम्ही म्हणालात, आज ना उद्या गिरणी सुरू होईल, मुलांच्या शाळा कशाला बुडवायच्या. शेवटी आई शिवडीला बिस्किटांच्या एका कारखान्यात पॅकिंगला लागली. सकाळी सातला ती घराबाहेर पडायची. पहिल्या दिवशी मी आणि धाकटा भाऊ शाळेतून आलो तर तुम्ही स्टोसमोर उकिडवे बसलेले, भाताचं पातेलं तळाशी काळं झालेलं, आणि खोलीभर धूर. "आज असाच खावा," एवढंच म्हणालात. गावाहून आल्यापासून लग्न होईपर्यंत तुम्ही खाणावळीत जेवलात, नंतर आईच्या हातचं. चहासुद्धा तुम्हाला कधी करावा लागला नव्हता.

आपल्या चाळीत दिवसा कुणाचं दार बंद नसायचं. आपलं असायचं, तुम्ही स्वयंपाकाला बसलात की. सार्वजनिक पूजेच्या जेवणाला चाळीतले बाप्ये मोठमोठी पातेली ढवळायचे, तेव्हा सगळे कौतुक करायचे. पण स्वतःच्या खोलीत रोजची भाकरी थापायची म्हणजे वेगळं. शेजारच्या काकी मध्येच दार ढकलून आत यायच्या. "भावजी, पाण्याक उकळी येवंदे, मग पीठ घाला. घाई कित्याक?" तुम्ही मान खाली घालून ऐकायचे. तुमची भाकरी कधी जमली नाही, पण घावणे जमले. गिरणीत साच्यावर, म्हणजे मागावर, तुटलेला धागा बघता बघता जोडणारी तुमची बोटं; तव्यावरून तो पातळ घावणा न फाटता उचलताना त्यांना बरं वाटत असणार. एका सकाळी मी बघितलं, दार सताड उघडं होतं आणि तुम्ही गुणगुणत होता. त्या दिवशी दार तुम्ही मुद्दाम उघडलंत की विसरलात, मी कधी विचारलं नाही. मला एवढंच आठवतं, की गॅलरीतून जाणारी माणसं बघत होती आणि मी पुढे होऊन ते लोटून घेतलं.

आई संध्याकाळी येताना फुटकी बिस्किटं आणायची. कामगारांना ती स्वस्तात मिळायची. खारी, गोड, क्रीमची, सगळी एकाच पिशवीत, कशाला कशाचा वास. आम्ही दोघं त्यावर तुटून पडायचो आणि जेवायच्या वेळी ताटावर नुसते बसून राहायचो. कुळथाची पिठी गार होऊन तिच्यावर साय धरायची. एकदा तुम्ही डाव खाली ठेवलात. आवाज चढवला नाहीत. "बिस्किटांनीच भूक मारायची, तर मी स्टो कित्याक पेटवू?" आई म्हणाली, "पोरं आहेत, खाऊ देत की. माझ्या मेहनतीचंच आहे ना?" आमच्या ताटातलं तुम्ही एका वाटीत काढलंत आणि दुसऱ्या दिवशी दुपारी तेच जेवलात. मी शाळेतून लवकर आले होते, म्हणून दिसलं.

आणि मग तो शाळेतला दिवस. मी नववीत. डबा घरी विसरले आणि मधल्या सुट्टीत तुम्ही तो घेऊन फाटकाशी उभे राहिलात. माझ्यासोबत माझी मैत्रीण होती, दादरची, तिचे वडील बँकेत होते. तिने तिथेच डबा उघडून घावण्याचा तुकडा मोडला, लसणीच्या चटणीला लावला आणि तोंडात टाकला. "काका, कसले मऊ आहेत हो! आमच्या आईला नाही जमत असे. घरी स्वयंपाक कोण करतं?" तुम्ही हसलात. बोलायला तोंड उघडत होता. मीच आधी बोलले, "आईच करते. पहाटे उठून करते ती."

तुम्ही माझ्याकडे बघितलंसुद्धा नाहीत. तिच्याकडेच बघत, साहेबाशी बोलायचे तशा शुद्ध मराठीत म्हणालात, "होय. तिच्या आईच्या हाताला चव आहे. मी फक्त पोचवायला आलो." आणि वळून चालू लागलात. तुमच्या शर्टाच्या बाहीला तांदळाचं पीठ लागलं होतं. मैत्रिणीला दिसू नये म्हणून मी तिचा हात धरून तिला आत ओढून नेलं. संध्याकाळी मला वाटलं, आता बोलणी बसणार. तुम्ही विचारलंत, "चटणी तिखट झाली होती काय गो?" मी म्हटलं, नाही. संपलं.

तुमची गिरणी काही सुरू झाली नाही. आईची नोकरी कायम झाली आणि तुमचा स्वयंपाकही. नातेवाईक आले की आई वाढायला उभी राहायची आणि तुम्ही बाहेर बसून पान लावायचे, जणू आत काय शिजलंय ते तुम्हाला ठाऊकच नाही. आम्ही सगळ्यांनी मिळून ते इतकं अंगवळणी पाडलं की माझ्या लग्नात सासूबाईंनी आईलाच विचारलं, "मुलीला तुमच्यासारखं मासळीचं येतं ना?" मला काहीच येत नव्हतं. तुमच्याजवळ बसून शिकायचं, तर बाबा स्वयंपाक करतात हे आधी कबूल करायला हवं होतं.

आई गेल्यावर तुम्ही त्या खोलीत एकटे राहिलात. मी दादरहून दर रविवारी मुलांना घेऊन यायची. येताना हॉटेलातून पार्सल आणायची. नूडल्स, तंदुरी, कधी पुलाव. मुलांना तेच हवं असायचं, आणि म्हातारपणी तुम्हाला कष्ट नकोत, असं मी सगळ्यांना सांगायची. तुम्ही नूडल्स चमच्याने तोडून खायचे आणि म्हणायचे, "बरा केलंस. तुम्ही दमून येतास." अशाच एका रविवारी मी पाणी घ्यायला ओट्याशी गेले तर कोपऱ्यात पातेलं, त्यावर उपडी ताटली. उचलून बघितलं. तिसऱ्यांचं सुकं. ओलं खोबरं, वर कोथिंबीर, एकेक शिंपली उघडलेली. सकाळी बाजारात जाऊन, साफ करून केलेलं. तुम्ही मागे येऊन उभे होता. "ता काय नाय गो," म्हणालात, "माका उद्याक होतला." मी ताटली परत ठेवली. बाहेर मुलं ओरडत होती, आजोबा, सॉस कुठाय? पावसाळ्याआधी तुम्ही गेलात.

डॉक्टरांच्या दवाखान्यातून आल्यावर मी बाजारातून तिसऱ्या आणल्या. कोळीण म्हणाली, साफ करून देऊ का? मी नको म्हटलं. घरी सुरीने दोन बोटं कापून घेतली, अर्ध्या वाळूसकट शिजल्या. नवरा बिचारा खात होता, दाताखाली कचकच वाजत होतं. चव तुमच्या जवळपासही नव्हती. पण आज लिहायला बसले ते तेवढ्यासाठी नाही. हे पत्र कुठल्या पत्त्यावर टाकणार? ड्रॉवरमध्ये राहील.

त्या रविवारी तुम्हाला वाटलं असेल, पोरीला ताटली उचलल्यावर कळलं. आधी कळलं असतं तर तिने पार्सलं तशीच बाजूला ठेवली असती, असंही तुम्ही मनाची समजूत घालायला म्हटलं असेल. तसं नाही, बाबा. पहिल्या मजल्यावर जिन्यातच मला तिसऱ्यांचा वास आला होता. तुमच्याच खोलीतून येतोय, माझ्यासाठी केलंय, हेही लगेच कळलं. आणि मी जिना भराभर चढले, म्हणजे तुम्ही वाढायला घ्यायच्या आत आमची पार्सलं उघडलेली असतील.