हजेरीचं रीळ

५ जानेवारी १९८८, मंगळवार

अंबडहून सकाळच्या एस.टी.ने जालन्यात आलो. बायको बेबीनंदा आख्ख्या वाटेत स्टोव्ह मांडीवर घेऊन बसली होती. सीटखाली ठेवला तर वाकेल म्हणे. मस्तगडात गोजरबाईंच्या घरात खोली मिळाली आहे. शेजारच्या खोलीत बद्रीनाथ राहतो. एमआयडीसीतल्या लोखंडाच्या मिलमध्ये त्याला रात्रपाळी असते आणि दिवसा तो झोपतो. गोजरबाईंनी पहिल्याच दिवशी चहा पाजून बेबीची सगळी माहिती काढून घेतली.

टॉकीजही पाहून आलो. मालक अण्णासाहेब बोलायला गोड वाटले. डोअरकीपर कडूबा माझ्या वडिलांच्या वयाचा. मशीन जुनं आहे, पण हाताळणारा बरा असेल तर अजून दहा वर्षं मरत नाही. तंबूतल्या टुरिंग टॉकीजमध्ये सहा वर्षं धूळ खाल्ल्यावर पक्क्या भिंतींची केबिन मिळाली, मला राजा झाल्यासारखं वाटतंय. मेहुण्याने बियाण्याच्या कंपनीची डायरी दिली आहे. पानापानावर कपाशीच्या जाती छापल्या आहेत. आता रोज लिहायचं.

८ जानेवारी, शुक्रवार

नवीन पिक्चर लागला. एका शाळामास्तरणीची गोष्ट आहे. तिला कसले कसले आवाज ऐकू येतात, घरचे कंटाळतात आणि वेड्यांच्या दवाखान्यात नेऊन सोडतात. नवव्या रिळात हजेरी आहे. व्हरांड्यात सात खाटा, प्रत्येक खाटेवर एकेक पेशंट, पांढऱ्या साडीतली नर्स मस्टर उघडून नाव पुकारते आणि जो तो ‘हजर’ म्हणतो. मास्तरणीचं नाव शेवटचं. ती गप्प राहते. शेवटी ‘हजर’ म्हणते, आणि त्या क्षणी तिच्या चेहऱ्यावरून काहीतरी पुसलं जातं.

केबिनमध्ये एकटा होतो म्हणून बरं. मला रडू आलं. चतुरा मावशी आठवली. पाहुणे आले की आजोबा तिला मागच्या खोलीत बसवायचे आणि आम्ही भावंडं दाराच्या फटीतून तिच्या नकला करायचो.

पब्लिक त्याच सीनला हसलं.

१० जानेवारी, रविवार

ऑपरेटरला एकच पिक्चर दिवसातून चार वेळा बघावा लागतो. लोकांना वाटतं, कंटाळा येत असेल. मला येत नाही. पहिल्यांदा गोष्ट दिसते, मग माणसं, मग मागच्या भिंतीवरचं कॅलेंडर. दहाव्या वेळेला असं वाटतं की आता ती माणसं आपल्याकडे बघताहेत.

पुढच्या रांगेतल्या मंडळींनी नवा खेळ काढलाय. नर्सने नाव घेतलं की हे खालून ‘हजर’ ओरडतात. आज तर आख्खं थेटर ओरडत होतं. अण्णासाहेब खूश. बेबीला बघायला यायचं आहे. गुरुवारी आण म्हणाले, पास देतो.

१२ जानेवारी, मंगळवार

बाराच्या शोला मास्तरणीनंतर आठवं नाव आलं. बद्रीनाथ रखमाजी.

मी दचकलो. चार दिवसांत सोळा वेळा पाहिला पिक्चर, हे नाव कधी नव्हतं. त्याच्या मिलमधली चार-पाच जणं पहिल्या रांगेत होती. पाळी सुटून सरळ इकडेच आली होती. मिलच्या गेटवर कुणाला उशीर झाला तर दुसरा त्याच्या नावाने ‘हजर’ म्हणतो, मुकादम मान वर करत नाही. तीच सवय. एकाने हात वर केला आणि ओरडला, “हजर!” खूप हशा पिकला.

बद्रीनाथ त्या वेळी खोलीत झोपलेला होता. त्याने हा पिक्चर पाहिलेलाच नाही.

संध्याकाळी गोजरबाई दारातच होत्या. “संपतराव, तो कव्हाचा डोळे उघडे ठिवून पडलाय. हाक मारली तं बघतो, पण ओ देत न्हाई.” मी आत जाऊन पाहिलं. बघत होता. मला भीती वाटली, खोटं कशाला लिहू.

१३ जानेवारी, बुधवार

पडद्यावर आठ खाटा आहेत. आठवीवर बनियन घातलेला माणूस. बनियनला ठिणग्यांची भोकं. बद्रीनाथच्या बनियनला आहेत तशीच.

इंटरव्हलमध्ये नववं रीळ पेटीतून काढून बल्बसमोर धरलं. पट्टीवर खाटा सातच. चारदा मोजल्या. मशीनवर चढवलं की आठ.

बद्रीनाथचे मिलवाले दोस्त भेटायला आले होते. भट्टीची गरमी डोक्यात गेली म्हणाले. नावाचं विचारलं तर म्हणाले, बद्रीनाथ काय एकच आहे का गावात?

आता दर शोची नावं लिहून ठेवायची. बेबीला सांगितलं, टॉकीजकडे फिरकायचं नाही.

१४ जानेवारी, गुरुवार

तीनच्या शोला नववं नाव. कडूबाचं. बापाच्या नावासकट.

तो दारात पडदा धरून उभा होता. सगळं थेटर त्याच्याकडे वळलं आणि त्याच्या वतीने ‘हजर’ म्हणालं. कडूबाही हसला.

शो सुटला तरी तो पडदा धरून उभाच. बोटं सोडवायला दोघं लागले.

अण्णासाहेबांना सगळं सांगितलं. पाया पडलो, पिक्चर उतरवा म्हणालो. ते म्हणाले, “त्याचं बीपी हाये जुनं. पब्लिक तुटून पडून राह्यलंय, अन् तू उतरव म्हनतो? बिलकुल न्हाई. पुढच्या हप्त्यात बी हाच चालन.”

सहाच्या शोला गर्दी दुप्पट. आता कुणाचं नाव येतं ते बघायला आले होते. हसत.

१५ जानेवारी, शुक्रवार

बाराचा शो. दहावं नाव.

बेबीनंदा संपत खरात.

त्याच क्षणी लाइट गेली. अंधारात शिट्ट्या झाल्या, पण नाव कुणाला पुरतं ऐकू आलं नाही. कुणी ओरडलं नाही. धावत घरी आलो. बेबी धुणं वाळत घालत होती, बोलली, हसली. तिला धरून उभा राहिलो तर म्हणाली, गोजरबाई बघताहेत.

तिने इथे न येऊन काही उपयोग नाही. बद्रीनाथही कुठे आला होता? ओ ज्याची त्याने द्यावी लागत नाही. कुणीही दिली तरी चालते त्या नर्सला.

तीनच्या शोआधी हजेरीची पट्टी कापली. दोन टोकं जोडली. सीन आला नाही तशी पब्लिकने खुर्च्या तोडल्या. अण्णासाहेबांनी कामावरून काढलं. पट्टी शर्टात घेऊन आलो.

१६ जानेवारी, शनिवार

गोजरबाईंच्या चुलीत पट्टी जाळली. शेवटच्या तुकड्यापर्यंत तिथेच बसलो. दुपारी चार तास झोप लागली. उद्या दुपारच्या एस.टी.ने अंबड. बेबी बोलत नाही — रुसली आहे, नोकरी घालवली म्हणून. रुसू दे. रुसली तर आहे.

१७ जानेवारी, रविवार

सामान बांधलंय. बेबी खाली बसून मेथी निवडते आहे. बाहेर भोंगा —

टॉकीजची जाहिरातीची रिक्षा. अण्णासाहेबांनी सोमवारीच हजेरीचा आवाज कॅसेटवर भरून घेतला होता. सकाळपासून गावभर फिरते आहे, गोजरबाई म्हणाल्या. पोरं मागे पळतात. नावागणिक ओरडतात.

सोमवारी नावं सातच होती. सातच असतील —

नाहीत. रिक्षा देवी गल्लीच्या तोंडाशी होती तेव्हा आठवं ऐकलं.

धावत गेलो. हात जोडले. वायर उपटली. भोंगा बंद होत नाही. रिक्षावाला मलाच वेडा म्हणाला, लोक हसले —

परत आलो. कडी लावली. बेबीचे कान झाकले तर ती म्हणते, “अहो, मी काय ओ देऊन राह्यले का?”

कसं सांगू हिला —

रिक्षा दाराशी आहे. कॅसेट परत पहिल्यापासून लावली. नावं लिहितो आहे. हात थांबला तर मी ओरडेन.

सात जुनी.

बद्रीनाथ.

कडूबा.

गल्ली भरली आहे. ओट्यांवर, गच्च्यांवर — सगळे वाट बघताहेत —

बेबीनंदा संपत ख—

सगळे. एकदम. हसत.

मेथीची जुडी तिच्या हातात आहे. निवडत नाही.

हाक मारली. पुन्हा मारली. ती माझ्याकडे बघते आहे, बेबी माझ्याकडे बघते आहे आणि ओ